ओतिलियामावशीनं राखलेला क्रमांक

मेक्सिकोच्या डोंगरातल्या आमच्या यालाशी गावात ओतिलिया येस्कासला नावानं हाक मारणारे आता चार-पाचच उरलेत, आणि तेही तिच्याहून म्हातारे. बाकी सगळ्यांची ती मावशी. मी तिच्या चुलतभावाची सून. लग्न होऊन या डोंगरात आले तेव्हा तिचा आवाज मला आधी ओळखीचा झाला, चेहरा नंतर. गावात तेव्हा एकच टेलिफोन होता, चौकातल्या फोनघरात, आणि त्यावर ती बसायची. लॉस एंजेलिसला कामाला गेलेल्या कुणाचा फोन आला की कर्ण्यावरून तिचा आवाज सगळ्या उतारावर पसरायचा, "साबीना, मुलाचा फोन आहे. दहा मिनिटांत परत करतोय." साबीना पिठाच्या हातांनीच पळत सुटायची.

अठरा वर्षं मावशी तिथं बसली. फोनघरात बोलायला बसायच्या खोपट्यांमधल्या फळ्या पातळ होत्या. कुणी तिकडं दुसरं घर केलं, कुणाला कामावरून काढलं, कोण आईला खोटं सांगतंय, सगळं तिच्या कानावर पडायचं. त्यातलं एक अक्षर कधी बाहेर आलं नाही.

पुढं टेकडीवर आमचा स्वतःचा मनोरा उभा राहिला, घराघरांत मोबाइल आले, आणि गावसभेनं ते सगळं बघायला एक समिती नेमली. मावशी समितीची चिटणीस झाली, आणि ते काम पुढंही तिच्याकडंच राहिलं. इंटरनेट आम्ही खोऱ्यातल्या एका कंपनीकडून घेत होतो, आमच्या यंत्रांचे इंटरनेटवरचे पत्तेही तिचेच वापरत होतो. एका वर्षी त्या कंपनीनं डोंगरावरचं काम बंद केलं. नवी कंपनी आली तेव्हा दवाखान्यापासून शाळेपर्यंत एकेक यंत्र उघडून पत्ते बदलावे लागले. तीन आठवडे गाव मुकं होतं.

तेव्हा शहरातला इंजिनियर साउल वर आला आणि म्हणाला, गावानं स्वतःचा क्रमांक घ्यावा. गावसभेत तो अर्धा तास राउटरबद्दल बोलला. मागच्या बाकांवरच्या टोप्या हळूहळू डोळ्यांवर उतरल्या.

"क्रमांक म्हणजे टेलिफोन नंबर का?" एलिओदोरोनं विचारलं. तोंडानं फटकळ माणूस, पण कामाला वाघ.

मावशी उठली. "साउल, बस जरा, कॉफी घे. ऐका. आत्ता आपण कंपनीच्या घरात भाडेकरू आहोत. घर बदललं की पत्ता बदलतो. क्रमांक घेतला की जगातल्या सगळ्या जाळ्यांच्या नोंदवहीत यालाशीचं नाव लागेल, आपले पत्ते आपल्या नावावर राहतील. मग दोन कंपन्यांशी तार जोडायची. एकीनं दार लावलं तर दुसऱ्या दारानं जायचं, पत्ता तोच."

टोप्या वर झाल्या.

अर्जात लिहायचं होतं की शेजारी कोण कोण आणि त्यांच्याशी गाव कसं वागणार. साउलनं वाचून दाखवलं, "दोघांकडूनही जगाचे सगळे रस्ते घ्यायचे. दोघांनाही फक्त आपल्या गावाचे पत्ते सांगायचे. एकाकडून कळलेलं दुसऱ्याला सांगायचं नाही, नाहीतर त्या दोन मोठ्या कंपन्यांची रहदारी आपल्या बारक्या तारेतून जायला लागेल आणि आपण बुडू."

"एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही?" मागून कुणीतरी म्हणालं. "या गावाला जमायचं नाही ते."

सभा हसली. साबीना म्हणाली, "मावशीला जमेल."

जबाबदार माणूस म्हणून कुणाचं नाव लिहायचं, यावर मात्र गाडं अडलं. आमच्याकडं गावाची कामं वर्षाला फिरतात. एक जानेवारीला जुने उतरतात, नवे चढतात, पगार कुणालाच नाही. साउल म्हणाला, "मावशींचंच नाव कायमचं घाला, सोपं पडेल."

"आणि उद्या मी मेले तर क्रमांक माझ्याबरोबर पुरायचा का?" मावशी म्हणाली. "क्रमांक गावाचा आहे. ज्या वर्षी जो समितीचा प्रमुख, त्याचं नाव. दर जानेवारीत मी बसून बदलून घेईन."

नोंदणी कार्यालय परक्या देशात. त्यांना कंपनीची कागदपत्रं हवी होती, आणि आम्ही कंपनी नव्हतो. मावशीनं गावसभेचा ठराव स्वच्छ अक्षरात लिहिला, सह्या आणि अंगठे घेतले, शिक्के मारले, पाठवला. त्यांनी आणखी कागद मागितले. तिनं पाठवले. त्यांनी विचारलं, तुमच्या गावाला रस्त्यांची नावं का नाहीत? तिनं कळवलं, सगळ्यांना सगळी घरं माहीत आहेत म्हणून. अकरा महिने ही पत्रापत्री चालली. ती कधी चिडली नाही, कधी उत्तर उद्यावर टाकलं नाही. शेवटी क्रमांक आला, पाठोपाठ पत्ते आले. त्या दुपारी तिनं कर्णा लावला आणि कुणाचा फोन आल्यासारखा तो क्रमांक दोनदा, एकेक आकडा सुटा करून, सगळ्या गावाला वाचून दाखवला.

काही वर्षं सुरळीत गेली. मग क्रिसोफोरो प्रमुख झाला, वर्ष संपवलं आणि जानेवारीतच उत्तरेला निघून गेला, लॉस एंजेलिसच्या एका खानावळीत स्वयंपाकी म्हणून. त्याच्या जागी आला एलिओदोरो.

मावशी तीन जानेवारीला त्याच्या अंगणात गेली. ऐन कॉफीतोडणीचे दिवस. सोबत मी होते.

"एलिओदोरो, नाव बदलायचंय. क्रिसोफोरोनं आपला स्वतःचा ईमेल घालून ठेवलाय तिथं. आणि गेल्या वर्षीचं एक काम राहिलंय. हे पत्ते फक्त आमच्याच क्रमांकाचे, असं सही करून नोंदवायचं."

"मावशी, फळ झाडावरून गळतंय. क्रमांक काय पळून चाललाय का?"

ती चार वेळा गेली. चौथ्या वेळी तो शेजाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "आली बघ जपमाळ घेऊन." मावशीनं ऐकलं. ती म्हणाली, "तोडणी झाली की ये," आणि घरी परतली. मला मात्र तिचा राग आला होता. माणसानं इतकं गिळावं कशाला?

तोडणी संपली तरी तो आला नाही. जूनमधल्या एका मंगळवारी सकाळी नऊच्या सुमाराला गावाचं इंटरनेट गेलं. तार शाबूत, मनोरा चालू, आतून संदेश बाहेर जात होते, पण उत्तर काही येत नव्हतं. दवाखान्यातली डॉक्टर एका बाळंतिणीबद्दल शहरातल्या मोठ्या डॉक्टरांशी बोलत होती, ते मधेच तुटलं. ती धावत चौकात आली. फोनघरातला तो जुना टेलिफोन मावशीच्या हट्टानं अजून ठेवलेला होता. डॉक्टरनं त्यावरून शहराशी बोलणं पुरं केलं, आणि मग मावशीनं साउलला फोन लावला.

त्यानं तिकडं बघून सांगितलं, "मावशी, ब्राझीलमधलं एक जाळं तुमचे पत्ते आपले म्हणून जगाला सांगतंय. तुमचं सगळं टपाल तिकडं चाललंय."

मावशीनं खोऱ्यातल्या आमच्या कंपनीला फोन केला. तिथला तंत्रज्ञ म्हणाला, "बाई, तुमचं खरं असेल. पण नोंदीत जबाबदार म्हणून क्रिसोफोरोचं नाव आहे, आणि पत्ते तुमचेच अशी सहीची नोंद तर नाहीच. तुमच्या नुसत्या शब्दावर मी कुणाला खोटं कसं ठरवू?"

एलिओदोरो तोवर दारात येऊन उभा होता, टोपी हातात. मावशीनं त्याच्याकडं पाहिलं. तिनं सगळे नंबर आणि नोंदी लिहून ठेवलेली आपली वही उघडली आणि लॉस एंजेलिसचा नंबर फिरवला.

"मावशी, मी चुलीशी आहे, कांदा जळतोय," क्रिसोफोरोचा आवाज आला.

"जळू दे. मोबाइल घे आणि बाहेर ये. नोंदणीचं पान उघड. पासवर्ड तुझा तुला ठाऊक, मला सांगू नकोस, माझ्यामागं अर्धं गाव उभं आहे."

मग ती वहीतून एकेक ओळ सांगत गेली आणि तो तिकडं फरसबंदीवर बसून टाकत गेला. पत्ते, क्रमांक, सहीची नोंद. शेवटी त्यानं विचारलं, "आणि माझ्या जागी नाव कुणाचं? तुमचं टाकू?"

"टाक तिचंच," एलिओदोरो दारातून म्हणाला. "तिचाच हक्क आहे."

"हक्काचा प्रश्न नाही," मावशी म्हणाली. "सभेनं तुला निवडलंय. नाव तुझं, फोन तुझा. वाजला की तूच उचलायचा." आणि टेलिफोनमध्ये म्हणाली, "लिही. एलिओदोरो इल्येस्कास."

साउलनं पुन्हा कळवलं की आता कागद आमच्या बाजूनं आहे, पण जगभर कळायला काही तास लागतील, आणि सगळेच तपासून बघतात असंही नाही. मावशीनं विचारलं, "त्या ब्राझीलवाल्याच्या नोंदीत फोन नंबर आहे का?"

"आहे. पण मावशी, तिथं कुणी फोन करत नाही. ईमेल पाठवतात."

"सांग नंबर."

तिसऱ्या घंटेला एका माणसानं उचललं. वाल्देसिर त्याचं नाव, तीन छोट्या गावांना इंटरनेट पुरवणारा. तो पोर्तुगीज बोलत होता. मावशीची मायबोली सापोतेक, स्पॅनिश शाळेत शिकलेली. दोघंही सावकाश बोलत होते.

"मी मेक्सिकोच्या डोंगरातून बोलतेय. तुमच्या जाळ्यानं आमचे पत्ते आपले म्हणून सांगितलेत."

"कोणते पत्ते, बाई?"

तिनं आकडे वाचले. तिकडं कळफलकाचा आवाज आला.

"माझ्या पत्त्यांत सत्याऐंशी आहे," तो म्हणाला. "मी अठ्ठ्याहत्तर टाकलंय. सकाळी नवं गाव जोडलं, घाईत आकडे उलटे झाले. फोन ठेवू नका, आत्ता काढतो."

चार-पाच मिनिटं मावशी टेलिफोन कानाला लावून उभी होती. कुणी बसायला खुर्ची दिली, तिनं हातानंच नको म्हटलं. मग दवाखान्याच्या खिडकीतून डॉक्टरनं हात हलवला. एकामागोमाग एक, चौकातल्या माणसांच्या खिशांत संदेश वाजायला लागले.

"आलं," मावशी म्हणाली.

"माफ करा, बाई. तुम्ही तिथल्या इंजिनियर का?"

"नाही. मी फोनवर बसते."

त्यानं सांगितलं की नऊ वर्षं हा नंबर नोंदीत आहे आणि आजवर त्यावर कुणी फोन केला नव्हता. मावशी म्हणाली, "तुम्ही तो बरोबर लिहून ठेवलात, म्हणून सापडलात," आणि त्याच्या बायकामुलांची विचारपूस करून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी एलिओदोरो तिच्या घरी दोन किलो भाजलेली कॉफी घेऊन आला. माफी वगैरे त्याला येत नाही. तो म्हणाला, "वही दाखवा." दुपारभर दोघं बसले. वर्ष संपताना त्यानंच सभेत ठराव मांडला की गावाच्या अधिकाराच्या काठ्या नव्या माणसांच्या हाती देण्याआधी क्रमांकाची नोंद बदलायची, मगच काठ्या. तेव्हापासून तसंच चालतं. आजूबाजूच्या दोन गावांनीही क्रमांक घेतलेत. त्यांचे ठराव कसे लिहायचे ते मावशीनंच जाऊन सांगितलं, एका गावाला तर पायी, कारण पावसानं रस्ता खचला होता.

या वर्षी समितीची प्रमुख मी आहे. एक जानेवारीला पहाटेच्या प्रार्थनेनंतर मावशीकडं गेले. तिनं मला जाड मक्याची भाकरी आणि घेवडे वाढले, आणि मी जेवत असतानाच मोबाइलवर नोंदणीचं पान उघडायला लावलं. मी माझं नाव लिहिलं, नंबर लिहिला, म्हटलं झालं. तिनं आपला मोबाइल काढला, चष्मा नाकावर सरकवला आणि पडद्यावर बघून एकेक आकडा दाबला. माझ्या खिशात फोन वाजला.

"समोर तर बसलेय मी," मी म्हटलं.

"उचल."

मी उचलला. टेबलाच्या पलीकडून, अगदी अनोळखी बाईसारखं, तिनं विचारलं, "यालाशीचं जाळं का?"

"हो," मी म्हणाले. "बोला."

तिनं फोन बंद केला, वहीत माझ्या नावापुढं बरोबरची खूण केली आणि मला आणखी घेवडे वाढले.