पान न पाहता

पांढुर्ण्यातल्या माझ्या फवारणीच्या औषधांच्या दुकानात ती बाई एकदाच आली, भर दुपारी. ओल्या रुमालात संत्र्याची पिवळी पडलेली पानं होती. बोलता बोलता ती एकेक पान उलटून पाहत होती; मी तिचं ऐकता ऐकताच एक बाटली काढून काउंटरवर ठेवली. तेवढ्यात माझ्या कॉम्प्युटरवर लाल इशारा आला: व्हायरस सापडला आहे, या नंबरवर फोन करून आमचं अँटिव्हायरस घ्या. मी मोबाइल उचलला.

"भाऊ, हा कोन?" तिनं विचारलं.

"माहीत नाही."

"पान न पाह्यता रोग सांगून राहिला, अन् दवाईबी तोच विकते. ठेवा फोन."

संध्याकाळी ओळखीच्या मेकॅनिकनं पाहून सांगितलं, इशाराच बनावट होता. मला ते दुपारीच कळलं होतं. तेव्हाच फोन ठेवून मी तिच्यासाठी काढलेली बाटली परत फळीवर ठेवली होती आणि पहिल्यांदा तिची पानं हातात घेतली होती.