आण्याच्या बाईनं भरलेली ओटी

माझी शाळा सातवीतच सुटली, माहेर लांब विदर्भात. नारायणगावहून पुण्याला टेस्ट ट्यूबच्या उपचाराला जाताना एसटीत जवळच्याच आणे गावची एक बाई सोबत असायची. तिचेही तेच उपचार. इंजेक्शनला मी घाबरले की माझा हात धरायची. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं, यश सगळ्यांना येत नाही. मला दिवस गेले, तिला नाही.

मूल नसलेलीनं ओटी भरू नये, असं सासूबाई म्हणाल्या. मलाही भीती वाटली. सातव्या महिन्यातल्या ओटीभरणाला मी तिला बोलावलंच नाही.

ती नारळ घेऊन आलीच.

"मला वगळलंस व्हय गं? सुया काय एकटीनंच टोचून घेतल्यास?"

 सासूबाईंकडे न बघता मी पदर पसरला. ओटी भरून तिनं माझ्या पोटावर हात ठेवला.

"हललं की गं!" ती हसली.

मला मात्र तिच्याकडे बघवेना.