आईचे ठसे उठेनात: व्हिसाशिवाय क्वालालंपूर

मलेशियाला जायला सध्या आपल्याला व्हिसा लागत नाही, असं मी जेवता जेवता सहज बोलून गेले. आईने बांगड्याचा काटा ताटाच्या कडेला ठेवला आणि विचारलं, "मग काय लागतं?"

आई मिरकरवाड्याच्या बाजारात मासे विकते. मी रत्नागिरीतच एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते. पावसाळ्यात मासेमारी बंद असली की आई घरात नुसती येरझाऱ्या घालते. तिचा प्रश्न मी गमतीत घेतला होता, पण आठवडाभर ती तेच विचारत राहिली. शेवटी म्हणाली, "माझा पासपोर्ट काढूया गो बाय. तिकडं मासे कुठले खातात ते तरी बघू."

तर काय लागतं, ते सांगते. प्रवेशाच्या दिवसापासून पुढे निदान सहा महिने चालणारा पासपोर्ट. परतीचं तिकीट. राहण्याच्या जागेचं बुकिंग. खर्चापुरते पैसे असल्याचा पुरावा. आणि पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं आगमन कार्ड. हे कार्ड फुकट असतं. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही, सरळ बंद करा. नियम मात्र बदलतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी स्वतः तपासा.

पासपोर्टचं काम रत्नागिरीतच झालं. चौकशीला आलेल्या पोलिसाने आईला विचारलं, "परदेशात कशाला जाताय?"

"बघायला," आई म्हणाली. त्याला आणखी काहीतरी हवं असावं. मग तेवढंच लिहून घेऊन तो गेला.

हंगाम संपला त्याच आठवड्यात निघालो. सकाळच्या एसटीने मुंबई. हायवेचं काम अजून चालूच आहे, तेव्हा हाताशी भरपूर वेळ ठेवा. वाटेत सावर्ड्याला चहा प्यायलो, तिथेही आईने पिशवीत हात घालून पासपोर्ट चाचपला. विमान कंपनीच्या काउंटरवर परतीचं तिकीट मागितलं. ते मी छापून घेतलं होतं, कारण ऐन वेळी मोबाइलचा भरवसा नाही.

विमानात आई झोपली नाही. खिडकीतून खाली दिवे दिसले की मला हलवून विचारायची, "होड्या काय त्या?"

क्वालालंपूरला माझा शिक्का पटकन झाला. आईचं मात्र अडलं. तिथे दोन्ही हातांच्या तर्जनीचे ठसे घेतात, आणि आईचे उठेनात. हंगामाचे शेवटचे दिवस तिने बर्फात आणि खाऱ्या पाण्यात हात घालून काढले होते; बोटांची कातडी गुळगुळीत झाली होती. अधिकाऱ्याने बोटं पुसायला लावली, दाबायला लावली. यंत्र लाल दिवाच दाखवत होतं. मग त्याने आम्हाला बाजूच्या खोलीत बसवलं.

तिथे पाचसहा माणसं आधीच होती. त्यातल्या एकाला परतीचं तिकीट नसल्यामुळे पुढच्या विमानाने माघारी पाठवताहेत, हे ऐकून मी आमची छापील तिकिटं काढून हातात धरली. आई हळू आवाजात म्हणाली, "मी काय चोरी केलीय काय? मला धाडतील तर तू ऱ्हा हितं. तिकिटं फुकट नको जायला."

"गप्प बस गं," मी म्हटलं, आणि माझेच डोळे भरून आले.

थोड्या वेळाने डोक्याला रुमाल बांधलेली एक वरिष्ठ अधिकारी बाई आली. कागद पाहिले. मग इंग्रजीत विचारलं, "या काय काम करतात?"

"मासे विकतात."

तिने आईचा हात हातात घेऊन तळवा उलटसुलट पाहिला. कुठूनसं क्रीम आणून दोन्ही बोटांना चोळलं आणि स्वतः आईचं बोट तिथल्या यंत्राच्या काचेवर धरलं. दोनदा लाल. तिसऱ्यांदा हिरवा.

शिक्का बसल्यावर आई निघेचना. म्हणाली, "विचार तिला, तुम्ही कुठला मासा खाता?"

मी विचारलं. ती बाई हसली. "कमबुंग," म्हणाली, आणि मोबाइलवर फोटो दाखवला.

"अगो, हा तर बांगडा!" आई एवढ्या मोठ्याने ओरडली की खोलीतल्या सगळ्यांनी वळून पाहिलं.

पुढचे चार दिवस आम्ही पाहायच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या जागाही पाहिल्या. उंच मनोरे, गुहेतलं मुरुगनचं देऊळ. विमानतळावरून शहरात जायला ट्रेन झटपट नेते, पण बस खूप स्वस्त. केळीच्या पानावर भाजलेला बांगडा आणि वर सांबल, म्हणजे मिरचीची तिखट चटणी, हे रस्त्यावरच खा. हॉटेलात निम्मीही चव नाही. आई मात्र रमली शहरातल्या चौकिट भागातल्या बाजारात. तिथे मासे कमरेएवढ्या उंच ओट्यांवर मांडतात आणि विकणाऱ्या बायका उभ्या किंवा उंच स्टुलावर बसलेल्या असतात. आई एका ओट्यापाशी बराच वेळ थांबली. मग तिने हाताने त्याची उंची मापली. मासेवालीने खुणेनेच विचारलं, काय हवं? आईने आपल्या पोटाला हात लावून दाखवलं, बरोबर इथपर्यंत.

परत आल्यावर शेजारणी जमल्या. सगळ्यांना तिकडची दुकानं ऐकायची होती. आई सांगत होती ओट्यांबद्दल.

नारळी पौर्णिमेनंतर बाजार भरू लागला, तेव्हा तिने सुताराकडून एक टेबल करून घेतलं, वर पत्रा ठोकलेलं. बाकीच्या बायका पाटी पुढ्यात घेऊन जमिनीवर बसल्या होत्या, त्या हसल्या. "परदेशी मॅडम आली," कोणीतरी म्हणालं. मी कॉलेजातून येताना मुद्दाम बाजारात डोकावले. आई स्टुलावर ताठ बसून सुरमईचे तुकडे करत होती.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

सुरी पुसत ती म्हणाली, "इतकी वर्षं गिऱ्हाइकांचे पायच बघत होते गो. आज तोंडं दिसली."