मेन बंद, दिवा चालू

आमच्या उणकलच्या घरात हॉलमधून न्हाणीघराकडे जाणारी बोळवजा जागा आहे आणि तिच्या मधोमध साडेचार इंचांची एक पायरी. त्या पायरीवरचा, छतात बसवलेला गोल दिवा शुक्रवारी गेला. आईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. शुक्रवारी रात्रीच ती त्या पायरीवर अडखळली, भिंत धरली म्हणून वाचली. इलेक्ट्रिशियन फोनवर कानडीत "नाळी बर्तीनि री", म्हणजे उद्या येतो, असं दोन दिवस सांगत होता. रविवारी दुपारी मी ठरवलं, आज आपणच बसवायचा.

छताच्या भोकाचं माप दोनदा घेऊन मी बारा वॉटचा नवा दिवा आणला होता. वीज बंद करण्याबद्दल मला शंकाच नव्हती. मीटरबोर्डाच्या दाराला आतून माझ्याच हातचा कागद चिकटवलेला आहे, एक ते सहा आकडे, कुठला खटका कशाचा. चौथ्यापुढे 'बोळ' लिहिलंय. मी चौथा पाडला, शिवाय मेनही पाडला. पंखा थांबला, फ्रिज गप्प झाला. रबरी चप्पल घालून लाकडी शिडीवर चढलो. दिवा खाली ओढला तशा दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा सुटल्या आणि तो वायरवर लोंबकळू लागला. हात लावण्याआधी सहज वायरच्या जोडावर टेस्टर टेकवला.

टेस्टर पेटला.

"मेन पाडलाय ना?" मी शिडीवरून विचारलं.

"तुम्हीच पाडलात की," शिडी धरून उभी असलेली बायको म्हणाली. "फ्रिज बंद, पंखा बंद. घामानं मी भिजले."

उतरलो. टेस्टर खराब असेल म्हणून स्वयंपाकघरातल्या सॉकेटात घातला. पेटला नाही. मेन वर केला, तिथेच घातला, पेटला. मेन पाडला, विझला. म्हणजे टेस्टर चांगला होता. पुन्हा शिडीवर चढलो, जोडावर टेकवला, तर पेटलेला! असं तीनदा केलं. सहाच्या सहा खटके एकेक करून पाडून पाहिले, कागदाशी ताडून पाहिले. शेजाऱ्यांची वीज आपल्या भिंतीतून येते की काय, इथपर्यंत माझं डोकं गेलं.

"तुमच्या कागदालाच विचारा की," बायको म्हणाली. "त्याला सगळं ठाऊक असतं."

"सगळं बंद आहे. आता घरात एक थेंब वीज नाही," मी जरा चिडून, मोठ्यानं म्हणालो.

आई बोळाच्या तोंडाशी, देवघरासमोर जप करत बसली होती. माळ न थांबवता म्हणाली, "मग देवाचा दिवा कसा काय लागलाय रे?"

देवघरात एक लाल बल्ब आहे. तो चोवीस तास जळतो. दोन तासांत मी त्याच्यासमोरून निदान दहा वेळा गेलो असेन. तो विजेवर चालतो हे माझ्या मनातच आलं नाही. इन्व्हर्टर घेतला तेव्हा, वीज गेली तरी देव अंधारात नको म्हणून आईनं तो बल्ब इन्व्हर्टरवर घ्यायला लावला होता. तिच्या पायरीसाठी बोळातला दिवाही त्याच वायरवर गेला होता. माझा कागद त्याच्याही तीन वर्षं आधीचा. मी मेन पाडत होतो आणि इन्व्हर्टरला वाटत होतं की वीज गेली, म्हणून तो इमानानं त्या जोडाला वीज पोचवत होता.

इन्व्हर्टर बंद करायचा तर देवाचा दिवा विझणार. आई उठली, चाचपडत काड्यापेटी घेतली आणि समई लावली.

"आता कर बंद. पण आधी ते टेस्टर पुन्हा लाव, मगच हात घाल."

मेन खालीच होता, इन्व्हर्टरही बंद केला. लाल बल्ब विझला. जोडावर टेस्टर पेटला नाही. नवा दिवा बसवायला अकरा मिनिटं लागली.

पण इन्व्हर्टर आल्यानंतर ह्याच छतात मी दोनदा, नुसता मेन पाडून, टेस्टर न लावता हात घातला होता. काहीच कसं झालं नाही, हे मला अजून उलगडत नाही. कागदावरचा चौथा आकडा खोडला. आता पाना-पक्कड घेतली की आधी देवघरात डोकावतो.

"नमस्कार कर तरी," आई म्हणते. "नुसता दिवा काय बघतोस?"