पडद्याआडचा संघ

इकडं सरक गं सुमन, कागदावरनं का होईना, जवळ बस. चार महिन्यांनी एक पत्र लिहितेस आणि त्यात थोरल्या काकूची खुशाली अर्ध्या ओळीत विचारून उरकतेस, हे काही मला पटलं नाही. अगं, अख्ख्या भूम तालुक्यात तोंड न बघता माणूस ओळखणारी एकच बाई झाली, ती म्हणजे तुझी थोरली काकू, माझ्या जाऊबाई. तू तिला पापड लाटताना बघितलंस, म्हणून तुला ती पापड लाटणारी वाटते. मी तिला हुतुतूचे गडी निवडताना बघितलंय.

निजामाचं राज्य गेलं, आपण भारतात सामील झालो, त्याच्या पुढच्या वर्षांतली गोष्ट. आपलं कापडाचं दुकान पुढं, घर मागं, आणि मधल्या दाराला पडदा. पडदा वीतभर आखूड होता. गिऱ्हाईक पायरीवर चपला काढून गादीवर बसायचं. आम्ही बायकांनी पुढं यायचं नाही, डोकवायचं नाही. मग खाली बसून डाळ निवडताना फटीतून दिसणार काय? चपला! मी बघून न बघितल्यासारखं करायची. जाऊबाईंनी त्यांचा अभ्यास केला. "हा भांडून आलाय गं, अंगठा तुटलाय तरी शिवून घ्यायला थांबला न्हाई." खरोखरच तो माणूस पुढच्या आळीत मारामारी करून आलेला निघायचा. एकदा माझ्या नणंदेला बघायला पाहुणे आले, तर ह्या आतूनच मला म्हणाल्या, "मुलगा आईला लई भितो. तिच्या चपला सरळ करून मग स्वतःच्या काढल्या." लग्न झालं, आणि नणंदबाईंनी पुढं तीस वर्षं तेच रडगाणं गायलं.

आता हुतुतूचं सांगते. दरसाल संक्रांतीच्या आगेमागे भूम, परांडा, कळंब इथले क्लब खेड्यापाड्यांतली नवी पोरं निवडायचे. त्यांच्या चड्ड्यांचं कापड आपल्याच दुकानातनं जायचं, मापं द्यायला पोरं दुकानात यायची. निवड झाली की शाळेतले ड्रिल मास्तर आणि दवाखान्यातले कंपौंडर गादीवर बसून आपापला कागदी संघ करायचे. सगळ्या क्लबांतली फक्त नवी पोरं घ्यायची. एक ह्यांनी घ्यायचा, एक त्यांनी. मग खऱ्या सामन्यांत त्या पोरानं गडी बाद केला की एक मार्क, पकड केली की दोन. हंगामभर तो हिशेब चालायचा, आणि दरसाल न चुकता मास्तर हरायचे. ते पोरांच्या दंडाला हात लावून बघायचे ना! दंड बघून गडी घेणारा माणूस हरणारच, असं जाऊबाईंचं मत.

एके साली मास्तरांनी परांड्याचा एक दांडगा पोरगा घेतला, तसा पडद्याआडून आवाज आला, "मास्तर, त्याला सोडा. त्याचा उजवा गुडघा दुखतोय. चप्पल एकाच कडेनं खाल्लीय."

मामंजींनी, म्हणजे आमच्या सासऱ्यांनी, पडद्याकडं असं बघितलं की माझ्या हातातलं सूप खाली पडलं. मास्तर मात्र हसून हसून वाकले. दुसऱ्याच सामन्यात पोरगा गुडघा धरून बसला, तेव्हा हसू थांबलं.

पुढच्या साली मास्तरच मामंजींना म्हणाले, "अण्णा, वहिनींचा पण एक संघ होऊ द्या. पण अट आहे. तळाला आल्या, तर पुन्हा पुरुषांच्या बोलण्यात तोंड घालायचं नाही."

"कबूल," मामंजी म्हणाले. त्यांना वाटलं, एक वर्षाचा तमाशा, मग कायमची शांतता. जाऊबाईंना कुणी विचारलंच नाही.

त्यांनी पहिला गडी घेतला तो तेरखेड्याचा, एक काडीपैलवान. त्याच्या डाव्या चपलेचं पुढचं टोक झिजून कागद झालं होतं. "हा उडी मारून शिवणारा," त्या म्हणाल्या, "तेरखेड्याला घरोघर फटाके करतात, त्यातच वाढलाय. आरडाओरड्याला बुजायचा न्हाई." बुजायचा नाही हे खरं, पण पळायचाही नाही. चढाईला गेला की तिकडचाच होऊन जायचा. दोन सामने झाले, मार्क शून्य. शेवटी पोरगा दुकानात आला तेव्हा मास्तरांनी विचारलं, "काय रे, डावा पाय चालतो का न्हाई तुझा?"

पोरगा लाजत म्हणाला, "त्या दिवशीच्या चपला माज्या नव्हत्या, मास्तर. थोरल्या भावाच्या घालून आल्तो."

मास्तर गादीवर आडवे झाले. हसू ओसरल्यावर, माणूस चांगला म्हणून, स्वतःच म्हणाले, "वहिनी, फसवणूक झाली. तो सोडा, दुसरा घ्या. कंपौंडर काही म्हणायचे न्हाईत."

"का म्हणून?" पडदा म्हणाला. "पोरगं आहे का लुगडं, घरी नेऊन रंग आवडला न्हाई म्हणून परत करायला? घेतला तो घेतला!"

मी रात्रंदिवस विनवलं, अहो जाऊबाई, तोंड बंद होईल तुमचं. ऐकतील तर शपथ! त्या पोराच्या प्रत्येक सामन्याची खबर आणवायच्या. अख्ख्या हंगामात त्यानं एक पकड केली, ती पण समोरचा घसरून अंगावर पडला म्हणून. त्या दिवशी आमच्या घरी शिरा झाला. हंगाम संपला. मास्तरांपेक्षा सहा मार्क कमी पडले आणि जाऊबाई तळाला आल्या.

पुढची निवड झाली. मास्तर, कंपौंडर गादीवर बसले. मी मनात म्हटलं, संपलं. तोच जाऊबाई उठल्या, पदर खोचला, पडदा सारला आणि थेट गादीच्या कडेला जाऊन बसल्या! मास्तरांच्या हातून पेन्सिल सुटली. "वहिनी, अट..."

"अट तुम्ही घातली, कबूल मामंजी म्हणाले. मी कधी म्हणाले?" आवाज काय, खणखणीत. "अन् मास्तर, तुम्ही दरसाल हरत होता, तेव्हा तुमचं तोंड कुणी शिवलं होतं? गेल्या साली कंपौंडर जिंकले, आपण दोघं हरलो. हरलेल्यांनी गप बसायचं असंल तर दोघं बसू. सांगा, बसता गप?"

मास्तर काय बसतात गप! ते मामंजींकडं बघायला लागले. मामंजींनी हातातलं मांजरपाट सावकाश घडी केलं, गजानं मोजलेलं पुन्हा मोजलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "सूनबाई, तो पडदा लई मळलाय. धुवायला काढा."

मी काढला. धुतला, वाळवला, घडी करून पेटीत ठेवला. परत लाव म्हणून मला कुणी म्हणालं नाही, आणि मी काय वेडी आहे आपण होऊन विचारायला? मास्तर सरकून बसले, आणि पुढं चोवीस वर्षं त्या गादीवर ती दोघं अशी भांडली की गिऱ्हाईक कापड विसरून ऐकत बसायचं.

आता मामंजी नाहीत, कंपौंडर मुलाकडं गेले, मास्तरांना जाऊन चौथं वर्ष लागलं. जाऊबाईंना दिसत नाही फारसं. तरी निवड झाली की त्या मला कागद आणायला लावतात. समोरचा संघ मी करते, आणि मला त्यातलं ओ का ठो कळत नाही, म्हणून दरसाल हरते. परवा त्या म्हणाल्या, "तू लगेच माझं ऐकतेस गं. तुझ्याशी खेळण्यात चव न्हाई." म्हणाल्या, आणि किती तरी वेळ पायरीकडं तोंड करून बसल्या.

तू लहानपणापासून उलटं बोलणारी पोर. निवड संक्रांतीला आहे. एसटी थेट येते, स्टँडवर मी उभी राहते. ये लवकर, आणि आलीस की तिच्याशी कडाकडा भांड.