नाण्याएवढी मोकळी जागा

जगातली प्रत्येक वस्तू थरथरते, आणि ती किती थरथरते हे तपासल्याशिवाय तिच्याशी संबंध ठेवू नये, असं मानणारा एकच माणूस मला माहीत आहे. ते बाबांचे मित्र. सुरतेत पांडेसऱ्याच्या एका कापड रंगवण्याच्या मिलमध्ये त्यांनी उभी हयात फिटर म्हणून काढली, आणि शेवटची काही वर्षं तिथल्या तंत्रज्ञांना यंत्रांची थरथर मीटरने मोजायला शिकवलं. सगळे त्यांना मास्तर म्हणत. आमच्या घरी आले की ते चप्पल काढून थेट फ्रिजवर तळहात ठेवायचे. ‘वहिनी, मागचा पाय अधांतरी आहे,’ म्हणायचे. आई घडी घालून ठेवलेला पुठ्ठा पुढे करायची. मग मिक्सर, मग छताचा पंखा. तो डुलत असेल तर त्याच्याखाली बसणं नाही. पाणी त्यानंतर. एका लग्नात त्यांनी जनरेटरवर हात ठेवून ‘हा मंगलाष्टकं संपेपर्यंत टिकत नाही’ असं सांगितलं. तो टिकला नाही. तेव्हापासून नात्यातली मंडळी त्यांना बोलावताना जरा विचार करायची.

वर्गात शिकवायला ते घरून टेबलफॅन आणायचे आणि एका पात्याला नाणं चिकटवून तो चालू करायचे. तोल गेलेलं यंत्र कसं हादरतं ते दाखवायला. त्यांची बायको, मूळच्या धुळ्याकडच्या काकू, अहिराणीत म्हणायच्या, ‘या माणूसनी घरमा एक पंखा धड ठेवा नही.’ पहिला धडा मात्र जागेचा. प्रत्येक बेअरिंगवर पिवळं वर्तुळ काढलेलं असे, आणि मीटरच्या तारेच्या टोकाचं चुंबक दर वेळी तिथेच टेकवायचं. ‘जागा बदलली की माप खोटं,’ हे ते पाढ्यासारखं म्हणून घ्यायचे. एकाने विचारलं, ‘मास्तर, बायकोचा मूड पण एकाच जागेवरून मोजायचा का?’

‘हो. स्वयंपाकघराच्या दारातून. आत जाशील तर मीटर फुटेल.’

ही मापं संगणकावर तपासायला मी त्या मिलमध्ये लागले होते. माझी शाळा इंग्रजी, मराठी घरापुरती, आणि चारचौघांत आवाज गळ्याशीच थांबायचा. मास्तर वर्गाला सांगायचे, ‘ताईंचं रीडिंग शून्य येतं. एक तर मशीन उत्तम आहे, नाही तर बंद आहे.’ मी हसायचे. तेही आवाज न करता.

त्या वर्षी दसऱ्याआधी बॉयलरच्या मोठ्या पंख्याचं बेअरिंग कुरकुरायला लागलं. मास्तरांनी शेठना एक दिवस पंखा बंद ठेवायला सांगितलं. दिवाळीचा माल निघायचा होता. शेठ म्हणाले, चालतोय तोवर चालू दे. मग दसरा आला. यंत्रं धुतली, रंगवली, कुंकवाचे स्वस्तिक, झेंडूच्या माळा. पंख्याला आणि इतर यंत्रांना हिरव्या ऑइलपेंटचे दोन दोन हात मास्तरांनी स्वतः, अनवाणी उभं राहून दिले. पिवळी वर्तुळंही वर नव्याने काढली. मोजणीच्या पुढच्या फेरीत पंख्याचं माप निम्म्यावर आलं.

‘मास्तर, माताजीनी कृपा!’ शेठ हसले. ‘पंखो तो सारो थई गयो. हवे आ क्लास शेना माटे?’ पंखा बरा झाला, मग वर्ग कशाला? दिवाळीपासून तो बंद करायचं ठरलं.

त्या संध्याकाळी मास्तर आमच्याकडे आले, सरळ डुलणाऱ्या पंख्याखाली बसले आणि पाणी प्यायले. फ्रिजकडे पाहिलंसुद्धा नाही. आई घाबरली.

‘माझा हातच खोटं सांगायला लागला असेल, वहिनी,’ ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी सगळे आलेख एकाखाली एक लावले. माप फक्त पंख्याचं उतरलं नव्हतं. मिलमधल्या चौदाच्या चौदा यंत्रांचं, त्याच फेरीत उतरलं होतं. देवी एका पंख्यावर प्रसन्न होऊ शकते. चौदा यंत्रं एकाच दिवशी बरी होत नाहीत. कारण मला कळलं, आणि ते कोणाच्या हातून झालं तेही. बराच वेळ मी खुर्चीतून उठले नाही.

शेवटी उठले. मास्तर वर्ग घेऊन पंख्यापाशी उभे होते, शेठही तिथेच होते. मी स्कूटीच्या किल्लीने वर्तुळातला रंग खरवडला, उघड्या लोखंडावर चुंबक टेकवलं. आकडा दसऱ्याआधीच्याही वर गेला. बेअरिंगची बारीक कुरकुर रंगाच्या जाड थरात मुरून जात होती.

‘मास्तर, रंग,’ मी म्हणाले. त्याहून जास्त जमलं नाही.

ते किल्लीला लागलेल्या हिरव्या कपच्यांकडे बघत राहिले. मग वर्गाकडे वळले. ‘लिहून घ्या. मापाच्या जागेवर रंग कोणी लावला? मास्तरने. खोटं माप कोणी शिकवलं? मास्तरने. खाली आजची तारीख टाका.’ सगळ्यांनी लिहून घेतलं. शेठनी संध्याकाळी पंखा थांबवला. बेअरिंग उघडलं तर आतले बॉल जागा सोडून सुटे झाले होते. वर्ग बंद करायचं पुन्हा कोणी बोललं नाही.

आता मास्तर घरीच असतात आणि वर्ग मी घेते, अडखळत. दसऱ्याला यंत्रं अजून हिरवी होतात, पण प्रत्येक बेअरिंगवर नाण्याएवढी जागा मोकळी ठेवतात. पूजेपुरतं तिथे झेंडूचं एक फूल असतं; मोजताना ते उचलायचं.

गेल्या दसऱ्याला मास्तर पूजेला आले होते. बारीक झालेत. सवयीने त्यांनी मोठ्या पंख्यावर तळहात ठेवला आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ तसाच ठेवला. बोटं थरथरत होती.

‘ताई,’ त्यांनी हळूच विचारलं, ‘हे पंख्याचं की माझं?’

मी फूल उचललं, चुंबक टेकवलं. पंखा उत्तम चालला होता.

‘पंख्याचं आहे थोडं, मास्तर,’ मी म्हणाले. ‘बघते मी.’

त्यांनी मान डोलावली. वहीत मी खरा आकडा लिहिला आणि वही मिटून घेतली.