थुंकायचा चहा

"थुंका! भाऊ, गिळू नका, थुंका!"

मी एवढ्या जोरात ओरडलो की शेजारच्या घरातला कूलर बंद पडला. सुधाकरभाऊ पलंगावर ताठ बसले होते. नाकात नळी, हनुवटी छातीकडे झुकलेली आणि तोंडात चमचाभर गार चहा. त्यांच्या बायकोने, म्हणजे मायावहिनींनी, स्टीलचं भांडं पुढे केलं. भाऊंनी चहा तोंडात घोळवला, माझ्याकडे रोखून बघितलं आणि भांड्यात सोडून दिला.

"कसा आहे?" मी विचारलं.

"पाणी," भाऊ म्हणाले.

आधी माझा धंदा सांगतो, म्हणजे थुंकण्याचा खुलासा होईल. मी चहाचा टेस्टर. नागपूरच्या सदर भागात भाऊंचं चहापत्तीचं ठोक दुकान. पत्ती बहुतेक आसामातून यायची. कोणती कशात किती मिसळायची हे मी चाखून ठरवायचो. त्या मिश्रणाला ब्लेंड म्हणतात. टेस्टर चहा पीत नाही. तो चमचाभर चहा सुर्रर्र करून हवेसकट ओढतो, म्हणजे चहा जिभेवर, टाळूवर, पार नाकाच्या मागच्या बाजूला उडतो. मग तो घोळवायचा आणि पीकदाणीत थुंकायचा. गिळत बसलं तर दुपारपर्यंत पोटाचा हौद होतो. माझा सुर्रर्र असा होता की सदरच्या चौकातला ऑटोवाला ब्रेक मारायचा. खोटं वाटत असेल तर त्या ऑटोवाल्याला विचारा. तो आता वारला, पण विचारा.

थुंकण्यात भाऊ माझे बाप होते. फरक एवढाच, की त्यांचं थुंकणं खर्र्याचं. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटला की आमच्या नागपूरचा खर्रा तयार होतो. भाऊंच्या डाव्या गालात तो सकाळी जायचा आणि रात्रीच निघायचा. दुकानासमोरचा कडुनिंब कमरेपर्यंत लाल झाला होता. बाहेरगावचे लोक त्याला गुलमोहर समजायचे. अशा तोंडाला चहा काय कळणार? म्हणून तर त्यांनी माझी जीभ भाड्याने घेतली होती. गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे, "जीभ याची, दुकान माझं."

मग त्याच गालात गाठ निघाली.

ऑपरेशनमध्ये डावा गाल गेला. तिथे मांडीची कातडी लावली. मग रेडिएशन झालं. जखमा भरल्या, पण दोन गोष्टी गेल्या त्या गेल्या. एक म्हणजे गिळणं. घोट पोटात जायच्याऐवजी श्वासनळीत जायला लागला, म्हणून नाकातून पोटापर्यंत नळी घातली. दुसरी म्हणजे चव. बोलणंही बोबडं झालं होतं. इथे मी ते सरळ करून लिहितोय.

नळीतून दूध जायचं, पातळ केलेली खिचडी जायची. एकदा वहिनींनी हौसेने कोमट चहाही सोडला. भाऊ म्हणाले, "नळीले जीभ असते का वं?" आणि नळी धरून ओढून काढली.

दवाखान्यात नेऊन नवीन घालावी लागली. डॉक्टरांनी मला आणि वहिनींना बाहेर घेतलं. म्हणाले, "पुन्हा काढली तर घशाला आलेली सूज बघता मला परत घालता येईल की नाही सांगता येत नाही. पोटातून नळी घालायचं ऑपरेशन हे शरीर सोसणार नाही. ही नळी आहे तोवर जेवण आहे."

वहिनी कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, यायले चहा पाहिजे. चहा नाही तर नळी नाही म्हणून राहिले. म्या हात बांधून ठेवू का यायचे?"

मी परत डॉक्टरांच्या केबिनमध्ये शिरलो.

"डॉक्टर, न गिळता चहा चालेल?"

"न गिळता कसा पिणार?"

"पिणार नाही. आमच्या धंद्यात कोणीच पीत नाही. चाखायचा आणि थुंकायचा. मी आयुष्यभर तेच केलंय."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्यांनी अटी घातल्या. ताठ बसवायचं. हनुवटी खाली. एका वेळी एकच चमचा. सुर्रर्र अजिबात नाही, हवेबरोबर थेंब आत जाईल. नंतर तोंड पुसून घ्यायचं. "आणि गरम नाही. लावलेल्या कातडीला गरम कळतच नाही. भाजेल आणि पत्ता लागणार नाही."

"गार चालेल?"

"गार चालेल. पण गिळला तर मला फोन करू नका, सरळ घेऊन या."

गार चहा म्हटल्यावर माझी कॉलर ताठ झाली. या विषयात माझा हात धरणारा वर्ध्यापासून भंडाऱ्यापर्यंत कोणी नव्हता. घरी गार चहा करायची रीत सोपी आहे. लांब, वळलेली पत्ती घ्यायची, डस्ट नाही. डस्ट म्हणजे भुकटी, जी आपण घरोघरी उकळतो. पत्ती साध्या पाण्यात टाकायची आणि भांडं झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं. सकाळी गाळायचा. बस. उकळायचा नाही. उकळला की सगळा तुरट रस उतरतो आणि असा चहा गार झाला की गढूळ होतो. धंद्यात त्याला 'क्रीम डाऊन' म्हणतात. चहा मलाई धरतो असं समजा.

वहिनींना हे पटेना. "दूध नाही, साखर नाही, उकळणं नाही. मंग चहा काहाचा? गार झालेला चहा आमी बेसिनमंधी ओततो भाऊजी. पाहुण्याले दिला तर पाहुना परत येत नाही."

"हा वेगळा असतो, वहिनी."

मी दुकानातली सगळ्यात महाग पत्ती काढली. दार्जिलिंगची. चहा असा नितळ उतरला की ग्लासातून भिंतीवरच्या कॅलेंडरची तिथी वाचता यायची. तोच चहा भाऊंनी थुंकला आणि त्याला पाणी म्हणाले.

"भाऊ, या पत्तीसाठी तिकडे दोन मळेवाल्यांनी एकमेकांच्या पोरी पळवल्या होत्या," मी म्हणालो.

"आन तू मले पाणी आणलं."

दुसऱ्या दिवशी पत्ती दुप्पट केली. रंग चढला, वास घरभर झाला. भाऊंनी चमचा घेतला, घोळवला, थुंकला. या वेळी 'पाणी'सुद्धा म्हणाले नाहीत. भिंतीकडे तोंड केलं आणि हात हळूच नळीवर नेऊन ठेवला. ओढली नाही. नुसती दोन बोटांत धरून ठेवली. वहिनींनी त्यांची बोटं एकेक करून सोडवली.

तिसऱ्या दिवशी मी गेलो तर फ्रिजमध्ये माझ्या बाटलीशेजारी दुसरी बाटली. आत नाल्याचं पाणी असावं असला काळपट, गढूळ चहा.

"हे काय, वहिनी?"

"तुमी उकळायचं विसरून राहिले ना रोज. म्हनून म्या आपल्या दुकानच्या भुकटीचा उकळला. चांगला काळा होईस्तोवर. मंग ठेवला गार कराले."

बाटली घेऊन मी बेसिनकडे निघालो. आमच्या धंद्यात असला चहा गिऱ्हाइकासमोर ठेवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कामावर बोलावत नाहीत.

"थांब गा," पलंगावरून आवाज आला. "मलाई धरली त्यानं. आण इकडं."

"भाऊ, कडूजहर असेल."

"आण म्हटलं ना."

ताठ बसवलं. हनुवटी खाली. वहिनींनी चमचा दिला. भाऊंचा चेहरा एकदम आवळला, उरलेला गाल आत ओढला गेला, डोळे मिटले. मला वाटलं, गिळला. मी ओरडायला तोंड उघडलं तेवढ्यात त्यांनी हात वर केला. बराच वेळ घोळवला. मग भांड्यात सोडला.

"लागला," ते म्हणाले.

"काय लागलं? कुठे?"

"घासलं गा. जिभेले घासलं." डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते पुसू देईनात. "आपलीच भुकटी आहे. सदरची."

कारण नंतर ध्यानात आलं, आणि ते मला आधीच ठाऊक असायला हवं होतं. तुरटपणा ही खरं तर चव नाही. चहाचा रस तोंडातल्या ओलाव्याला आवळतो, जीभ आणि टाळू एकमेकांना खरखरीत लागतात. तो स्पर्श असतो. रेडिएशनने भाऊंची चव नेली होती, स्पर्श थोडा शिल्लक होता. माझ्या नितळ चहात चवीशिवाय काही नव्हतं. वहिनींच्या गढूळ चहात घासायला भरपूर होतं.

त्यानंतर भाऊंचा हात नळीकडे गेला नाही. रोज दुपारी खिडक्यांना ओले पडदे लावून, कूलरसमोर आमची बैठक बसायची. मी दुकानातून वेगवेगळ्या भुकट्या आणायचो, वहिनी उकळून गार करायच्या आणि भाऊ निकाल द्यायचे. निकाल दोनच. "घासते" आणि "घासत नाही." एखादी मला आवडलेली भुकटी ते नापास करायचे आणि वर म्हणायचे, "आता जीभबी माझीच, दुकानबी माझंच. तू काहाचा पगार घेऊन राहिला बे?" त्या उन्हाळ्यात दुकानाचा माल त्यांनीच ठरवला. गिऱ्हाईक म्हणायचं, "औंदाचा चहा लय कडक आहे." मी म्हणायचो, नवीन टेस्टर ठेवलाय.

पावसाळ्यात मानेत पुन्हा गाठ आली. डॉक्टरांनी या वेळी आम्हाला बाहेर बोलावलं नाही, भाऊंसमोरच सांगितलं. नंतर थुंकायचीही ताकद राहिली नाही. वहिनी त्या काळ्या चहात कापूस बुडवून, पिळून, ओठांच्या आतून फिरवायच्या. भाऊ एक बोट हलवायचे. म्हणजे घासते. नंतर ते बोटही हलेनासं झालं. भाऊ गेले तेव्हा नळी जागेवर होती.

दिवसकार्य झाल्यावर मी वहिनींना भेटायला गेलो. उकाडा होता. म्हटलं, निदान एकदा तरी त्यांना खरा गार चहा पाजू. लांब पत्ती, साधं पाणी, रात्रभर फ्रिज, सगळं नीट. ग्लास भरून पुढे ठेवला. त्यांनी घोट घेतला, सवयीने भांडं शोधलं, मग गिळला.

"पाणी आहे भाऊजी," त्या म्हणाल्या.

गिऱ्हाइकांना मी अजूनही जुनीच रीत सांगतो. गार चहा करायचा तर पत्ती उकळू नका. कोणी विचारलं, काहून, तर सांगतो, उकळलेला घासतो.